दाजींना दाखवायच्या आधी तू वाच

नायगाव,
अक्षय तृतीया

प्रिय लेकरा,

तुझा फोन आला तेव्हा मी नरसी फाट्यावर एसटीच्या गर्दीत उभा होतो. ‘मामा, गणित घेऊन बीएस्सी करू की इंजिनिअरिंग?’ याचं उत्तर तसं उभ्या उभ्या देता येईना, म्हणून हे पत्र.

लातूरच्या क्लासने तुला दीड मिनिटात बरोबर पर्याय गाठायला शिकवलंय. बीएस्सीच्या गणितात पर्यायच नसतात. ‘सिद्ध करा’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि एकेका ओळीपाशी दोन-दोन दिवस बसावं लागतं. बारावीला पैकीच्या पैकी घेऊन गेलेला मी पहिल्याच सहामाहीत सपाटून आपटलो. मला गणित आवडतं असं वाटायचं. आवडत होते ते मार्क.

तेव्हा आधी एक करून बघ. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १९४९ मध्ये दाखवलेली गंमत. ३५२४ घे. अंक उतरत्या क्रमाने लाव, चढत्या क्रमाने लाव, वजा कर: ५४३२ − २३४५ = ३०८७. परत तसंच: ८७३० − ०३७८ = ८३५२. परत: ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे कितीही वेळा कर, ६१७४ काही सुटत नाही. चारही अंक सारखे नसले, तर कुठल्याही संख्येची गाडी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथेच थांबते.

‘भारी आहे’ म्हणून वही मिटलीस, तर बिनधास्त इंजिनिअरिंगला जा. तिथेही गणित लागतंच, पण हत्यार म्हणून. ‘तिथेच का?’ म्हणून रात्री झोप उडाली, तर मात्र दाजींशी मी बोलतो.

ते विचारतील, ‘बीएस्सी करून काय, मास्तरकी?’ बरोबरच आहे त्यांचं. सोयाबीनच्या पैशावर शिकवतात, आणि मास्तरकीची जागा निघेपर्यंत पोरं म्हातारी होतात. म्हणून संख्याशास्त्राचा विचार कर. बँकेपासून विमा कंपनीपर्यंत त्याला विचारतात. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची प्रवेश परीक्षा वेगळी असते, बारावीच्या वर्षातच तिचा फॉर्म भर. नाही जमलं, तर नांदेडला बीएस्सी करून ‘जॅम’ दे. आयआयटीत एमएस्सीला जाता येतं. आपल्याकडे ही वाट कुणी सांगत नाही, सगळे ‘नीट’च्या रांगेत.

आता तीन अंकी संख्येवर तीच वजाबाकी कर. कुठे थांबतेस ते मला माहीत आहे. का थांबतेस, ते लिहून पाठव.

तुझा,
मामा