बल, वस्तुमान आणि टायरगाडी

आमच्या हायस्कुलात प्रयोगशाळा नव्हती, एक कपाट होतं. पण विज्ञानाचे सर लई हिकमती. नववीत न्यूटनचा दुसरा नियम आला, तसं त्यांनी गॅरेजातून चार जुनी बेअरिंगं मागून आणली अन् फळीला खालून बसवली. झाली गाडी. दोऱ्याचं रिकामं रीळ सायकलच्या स्पोकवर चढवून कप्पी केली, बूटपॉलिशच्या डबीच्या झाकणाचं पारडं केलं. वजनं किराणा दुकानातली, संध्याकाळी परत द्यायच्या बोलीवर.

बाक ओट्याच्या कडेला लावला, म्हणजे पारड्याला खाली जायला जागा मिळाली. घर्षणाचा हिशेब मिटवायला बाकाच्या मागच्या पायांखाली वह्या सारल्या. हलकं ढकललं की गाडी एकाच वेगानं जाईल, इतकाच उतार. घड्याळाच्या जागी पंचवीस सेंटिमीटर दोऱ्याला टांगलेला नट. त्याचा एक पुरा झोका म्हणजे एक सेकंद. झोके मोजायचं काम माझ्याकडं होतं.

गाडी अन् पारडं मिळून एक किलो, त्यातलं पारड्याचं वजन पन्नास ग्रॅम. एक मीटर जायला दोन झोके लागले. मग गाडीवर तीन किलो चढवले, पारडं तेच. चार झोके! वेळ दुप्पट झाला म्हणजे त्वरण निम्मं, असं सगळी पोरं ओरडली. सर म्हणाले, "थांबा. अंतर वेळेच्या वर्गानं वाढतं. अंतर तेच अन् वेळ दुप्पट, तर त्वरण पाव." मग ते तीन किलो उतरवले अन् गाडीतलं दीडशे ग्रॅम पारड्यात टाकलं. एकूण वजन पुन्हा एक किलोच, ओढ मात्र चौपट. एका झोक्यात गाडी पार.

बल चौपट, त्वरण चौपट. वस्तुमान चौपट, त्वरण पाव. फळ्यावर सूत्र लिहिलं गेलं, पण माझ्या डोळ्यांपुढं आमचे बैल होते.

आमचं घर बीड जिल्ह्यातलं, कोयत्यावरचं. अण्णांनी मुकादमाकडून उचल घेतली होती अन् दिवाळीनंतर मलाही कारखान्यावर जायचं होतं. त्या वर्षातला माझा तो शेवटचा प्रयोग.

तिकडं मजुरी टनावर. त्यामुळं टायरगाडीत दीड-दोन टन ऊस रचायचा. बैल दोनच. एका रात्री मी अण्णांना सगळा प्रयोग सांगितला. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "हे बैलाला आधीच ठावं हाय. जू मानंवर घेतलं की कळतंय त्याला."

"पण अण्णा, थांबवायलाबी तेच लागू हाय. उतारावर गाडी आवरायची म्हंजे उलटं त्वरण. ओझं जितकं जास्त, तितका रेटा मानंवर."

ते काही बोलले नाहीत. कारखान्याच्या वाटेवर एक उतार होता. दुसऱ्या दिवशी गाडी भरताना अण्णांनी चढवलेल्या सहा मोळ्या परत उतरवल्या. आमचा थोरला बैल त्या साली थकला होता. मुकादम फडात सगळ्यांदेखत बोलला, टनाचे पैसे कमी झाले, उचल फिटायला आणखी आठ दिवस लागले.

पण हंगाम संपल्यावर दोन्ही बैल आपल्या पायांनी गावी आले.