खांबटाक्याचं पाणी

गड दरवाजांवरून आणि बुरुजांवरून ओळखले जातात. माझ्या मनात ते पाण्यावरून लागलेले आहेत. रायगड म्हटलं की मला आधी गंगासागर दिसतो, राजगड म्हटलं की पद्मावतीचं तळं, आणि चावंड म्हटलं की एकाला लागून एक कोरलेली सात टाकी, ज्यांना सप्तमातृकांची टाकी म्हणतात. उन्हातून चढून आल्यावर कातळाच्या पोटातल्या काळ्या पाण्यात हात बुडवला की गारवा मनगटापासून वर चढत जातो. फार पूर्वी कुणीतरी करून ठेवलेल्या सोयीपाशी आपण पोचलो आहोत, हे आधी हाताला कळतं.

ही सोय कष्टाने झाली आहे. सह्याद्रीत चार महिने पाऊस नुसता कोसळतो, पण हा कातळ पाणी धरून ठेवत नाही. दिवाळी सरली की ओढ्यांचा आवाज बसत जातो आणि होळीपर्यंत माथे कोरडेठाक पडतात. म्हणून छिन्नी चालवावी लागली. नाणेघाटाच्या वाटेवर जुनी टाकी आहेत. कोकणातून माल घेऊन घाट चढणाऱ्यांनी वर आल्यावर पहिला शोध त्यांचाच घेतला असणार. कान्हेरीच्या लेण्यांत पाण्याचं टाकं दान दिल्याचे लेख आहेत आणि देणाऱ्यांत कल्याणचा एक सोनारही आहे. ज्याचे हात दिवसभर सोन्यात असत, त्याला पुण्यासाठी पाणी द्यावंसं वाटलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी पाहायला सांगितलं आहे. पाणी नसेल तर खडक फोडून टाकी करावीत, आणि एका झऱ्यावर विसंबून राहू नये, कारण तोफांच्या दणक्याने झरे आटतात, असंही बजावलं आहे.

त्यातल्या त्यात खांबटाक्यापुढे माझे पाय रेंगाळतात. बाहेरून अरुंद तोंड, आत कातळातच राखलेले खांब आणि त्यांच्यामागे अंधारात पसरत गेलेलं पाणी. खांब छत तोलतात आणि छत ऊन अडवतं. ऊन नाही म्हणून पाणी कमी उडतं, शेवाळही सहसा धरत नाही. शेजारचं उघडं टाकं फेब्रुवारीत हिरवंगार पडलेलं असतं, तेव्हाही खांबटाक्याच्या तळाचा खडा दिसतो. पाणी शुद्ध ठेवण्याची पहिली युक्ती इथे छिन्नीनेच करून ठेवली आहे.

तळ दिसतो म्हणजे पाणी निर्मळ, हा मात्र डोळ्यांचा निवाडा झाला. पोटाला त्याचा उपयोग नाही. जुलाबाने माणूस लोळवणाऱ्या जिआर्डिया या परजीवीच्या पुट्या, म्हणजे कवचातली रूपं, आठ ते बारा मायक्रॉनच्या असतात, क्रिप्टोस्पोरिडियमच्या चार ते सहा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पटकीचे आणि विषमज्वराचे जिवाणू त्याहून बारीक. हे सगळं तरंगत असतानाही पाणी काचेसारखं नितळ दिसू शकतं. पूर्वीही हे पाणी सगळ्यांना मानवत असेल असं मी धरून चालत नाही. पण आता शनिवार-रविवारी गडावर जत्रा भरते. टाक्याच्या काठावर भांडी घासली जातात, चार पावलांवर आडोसा शोधला जातो आणि पहिल्या पावसाला ते सगळं उतारावरून टाक्यात येतं.

म्हणून माझ्या सॅकच्या बाजूच्या खिशात मुठीत मावेल एवढा एक फिल्टर असतो. पारदर्शक नळकांड्यात दुमडून बसवलेला पांढऱ्या शेवयांचा झुबका, असं त्याचं रूप. त्यातली प्रत्येक शेवई आतून पोकळ असते आणि तिच्या भिंतीला एक दशांश मायक्रॉनची छिद्रं असतात. गढूळ पाणी बाहेरून दाबलं की ते भिंतीतून आतल्या पोकळीत उतरतं. जिवाणू आणि पुट्या बाहेर राहतात. डायलिसिसच्या यंत्रात माणसाचं रक्त ज्या पोकळ धाग्यांतून फिरतं, ते याच घराण्यातले. दवाखान्यातल्या खाटेपाशी रुळलेली कला अशी कड्यावर येऊन पोचली.

टाक्यातलं पाणी पिशवीत भरायचं, पिशवीला फिल्टर फिरवून बसवायचा आणि दोन्ही तळव्यांनी हळूहळू दाबायचं. पहिले काही क्षण काहीच होत नाही. मग टोकाशी एक थेंब फुगतो, लोंबतो, सुटतो, आणि त्याच्यामागून करंगळीपेक्षाही बारीक धार लागते. पिशवीतलं पाणी पातळ चहाच्या रंगाचं, त्यात गवताची एखादी काडी फिरतेय. बाटलीत पडणारं पाणी बिनरंगाचं. मधे बोटभर जागा. हात दुखेपर्यंत दाबावं तेव्हा लिटरभर पाणी मिळतं, आणि मग ते कुणी घोटभर पिऊन उरलेलं ओतून देत नाही. नळाखाली भरलेल्या पाण्याला हा मान मिळालेला मी पाहिलेला नाही.

फिल्टरचीही निगा राखावी लागते. गाळाने छिद्रं बुजली की धार मरते. मग पिचकारीत स्वच्छ पाणी घेऊन उलट्या बाजूने जोरात मारायचं. तांबूस, मातकट फवारा बाहेर पडतो आणि आपण काय पिणार होतो ते दिसतं. हे मी नेहमी टाक्यापासून लांब, उताराच्या पलीकडे करतो. हिमालयात वेगळीच काळजी. तिथल्या हिमनदीच्या पाण्यात दगडाचं पीठ असतं, ते फिल्टर पाहता पाहता बुजवतं. म्हणून पाणी आधी भांड्यात निवळू द्यावं लागतं. आणि रात्री फिल्टर स्लीपिंग बॅगमध्ये अंगाशी घेऊन झोपायचं. ओल्या धाग्यांत बर्फ धरला की ते चिरतात, आणि चिरलेला फिल्टर बाहेरून धडधाकटच दिसतो.

पण गाळून पिणं आपल्याकडे नवं कुठे आहे? हंड्याच्या तोंडाला बांधलेलं जुन्या लुगड्याचं फडकं आपल्या आधीच्या पिढ्यांनी रोज पाहिलं. त्या फडक्याला विज्ञानाचा कौल बांगलादेशातून मिळाला. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या खेड्यांतल्या बायकांना जुनी साडी चार पदरी करून पाणी गाळायला सांगितलं. २००३ साली निष्कर्ष छापून आले, तेव्हा पटकीचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलेलं दिसलं. साडीची भोकं जिवाणूला अडवण्याइतकी बारीक नसतात. पण पटकीचे जिवाणू पाण्यातल्या चिमुकल्या प्लवक जीवांना चिकटून राहतात आणि ते जीव कापडात अडकतात. त्यातही नव्या साडीपेक्षा जुनी बरी, कारण धुऊन धुऊन तिचे धागे पिंजतात आणि मधली भोकं लहान होतात. वापरून विरलेल्या कापडात हे बळ असावं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

कापडाने केलेली आणखी एक मोठी लढाई आपल्याच मातीतली आहे. नारू. पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या कणाएवढ्या जीवाबरोबर त्याच्या अळ्या पोटात जात आणि वर्षभराने हातभर लांबीचा किडा पायाच्या कातडीतून बाहेर येई. काडीला गुंडाळत, रोज थोडाथोडा ओढत तो काढावा लागे. दाह शमवायला रोग्याने पायविहिरीत पाय बुडवला की किडा पुन्हा अळ्या सोडी आणि सगळ्या गावाचं पाणी नासे. महाराष्ट्रातही त्याने लोकांना फार छळलं. औषध नव्हतं, लस नव्हती. पाणी गाळणं, पायविहिरींत माणूस उतरणार नाही अशी तजवीज करणं आणि पाण्यात सायक्लॉप्सनाशक टाकणं, एवढ्यावर २००० साली भारत नारूमुक्त ठरला. आफ्रिकेत याच नारूसाठी भटक्या गुराख्यांच्या गळ्यात जाळी बसवलेल्या नळ्या आल्या. जिथे तहान लागेल तिथे वाकून नळीने पाणी ओढायचं. दुकानात आज ‘लाइफस्ट्रॉ’ नावाने मिळणारी नळी त्या कामातून पुढे आली. शहरातल्या गिर्यारोहकाच्या हातातली ही हौसेची वाटणारी वस्तू मुळात अनवाणी चालणाऱ्यांसाठी घडली.

कापडासारखी वाळूही पाणी गाळते. जर्मनीत एल्ब नदीकाठी हाम्बुर्ग आणि आल्टोना ही लागून असलेली दोन शहरं होती. १८९२ साली पटकीच्या साथीत हाम्बुर्गमध्ये आठ हजारांवर माणसं गेली. आल्टोना नदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी तर अधिकच घाण, पण ते वाळूच्या थरांतून संथ गाळून दिलं जाई. तिथे साथ फारशी शिरलीच नाही. हे वाचलं तेव्हा मला आपल्या नद्यांच्या कोरड्या पात्रातले झिरे आठवले. वाळूत हातभर खड्डा करून बाया बसलेल्या असतात, वाटीने पाणी टिपत, गाळलेलं पुन्हा भरून येण्याची वाट पाहत. रानात फिल्टर हाताशी नसेल तर उघड्या डबक्यापेक्षा काठापासून सरकून काढलेला असा झिरा केव्हाही बरा, पण ते पाणीही उकळूनच प्यावं.

त्याच १८९२ साली दिमित्री इव्हानोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने तंबाखूच्या रोगट पानांचा रस शांबेरलाँच्या चिनीमातीच्या फिल्टरमधून गाळला, आणि गाळलेल्या रसानेही रोग झाला. जिवाणूहून बारीक असं काही आहे, हे फिल्टर हरला तेव्हाच कळलं. माझ्या सॅकमधला फिल्टरही तिथेच हरतो. काविळीचा, म्हणजे हिपॅटायटिस एचा विषाणू इतका लहान की त्याच्या छिद्रातून तीन शेजारी शेजारी निघून जातील. म्हणून उन्हाळ्यात टाकं तळाला गेलेलं असेल आणि वर माणसांची वर्दळ असेल, तर मी गाळलेल्या पाण्यात क्लोरीनचे थेंब टाकतो, बाटलीवर छापलेल्या प्रमाणात, आणि अर्धा तास थांबतो. आधी गाळायचं, मग थेंब; पाण्यात कचरा असला तर क्लोरीन त्याच्यावरच खर्ची पडतो. उलट क्रिप्टोस्पोरिडियम क्लोरीनला दाद देत नाही, त्याला फिल्टरच हवा. एकाने सोडलेलं दुसऱ्याने धरायचं, अशी ही जोडी.

उकळण्यापुढे यातलं कुणीच टिकत नाही. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, पाणी साधारण पंच्याण्णव अंशांनाच उकळतं. तेवढं पुरतं, मिनिटभर खळखळ उकळू द्यावं. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं द्यावीत. पण वीस जणांचं पाणी सरपणावर उकळायचं म्हणजे गडाच्या झाडीवर घाला, आणि ते मला सोसवत नाही.

एकदा मी असा पाणी दाबत बसलो होतो, तेव्हा पायथ्याच्या वाडीतल्या एक मावशी हंडा-कळशी घेऊन टाक्यावर आल्या. खालची विहीर आटली होती.

“ह्ये काय करून ऱ्हायला, दादा?”

“पाणी गाळतोय, मावशी. जंतू अडकतात यात.”

त्यांनी नळकांडं हातात घेऊन उन्हाकडे धरलं, फिरवून पाहिलं.

“मंग आमच्या हंड्याला बसंल का ह्ये?”

बसेल, उंचावर टांगलं तर आपोआप गळत राहील, असं मी सांगितलं. पण एका हंड्याला किती वेळ लागेल ते आम्हा दोघांनाही उमगलं, आणि त्यांच्या घरी पिणारी माणसं सात होती. वाडीच्या विहिरीत पाणी असतं तेव्हा ग्रामपंचायत जंतुनाशक टीसीएल पावडर टाकते, आशाताई मेडिक्लोर या क्लोरीनच्या द्रावणाच्या बाटल्या देतात. विहीर आटली की त्यांची सगळी भिस्त या टाक्यावर. माझ्यासाठी ते दोन दिवसांचं पाणी, त्यांच्यासाठी अख्ख्या वैशाखाचं. माझा फिल्टर मला वाचवतो, टाक्याला नाही. ज्याच्या खिशात फिल्टर आहे त्यानेच टाक्यात पाय सोडून बसावं, पोरांनी उड्या माराव्यात, साबणाचा फेस पाण्यात जावा, हे पाहिलं की माझा संताप होतो आणि मी तो बोलून दाखवतो.

आता मे महिन्यात आम्ही काही जण टाकी उपसायला जातो. पाणी सगळ्यात कमी असतं तेव्हा गाळ काढायचा. घमेली हातोहात वर येतात. गाळाला कुजक्या पानांचा वास, मधेच खापराचा तुकडा, बरेचदा प्लास्टिकच्या बाटल्या. त्या मावशींचे दीर दर वेळी येतात. वरच्या उतारावरचं पाणी टाक्यात वळवणारी कातळात खोदलेली बोटभर रुंदीची पन्हळ त्यांनीच दाखवली, मातीने भरून गेलेली. ती पहारीच्या टोकाने मोकळी करायला अख्खी सकाळ गेली. शेजारचं खांबटाकं अजून छातीभर गाळाने भरलेलं आहे. आत एका वेळी दोघांनाच उभं राहता येतं, त्यामुळे काम वेळ खाणार. पुढच्या मे महिन्यात ते हाती घ्यायचं ठरलंय; दोर आणि जादा घमेली वाडीत ठेवून आलोय.