रिकामे घर

गेल्या गाळप हंगामात एका शिक्षकस्नेह्याच्या आग्रहावरून आम्ही धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सोनारी या गावी आठ दिवस राहून आलो. परंडा तालुक्यातील हे गाव काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे सर्वदूर ठाऊक आहे, आणि त्याहून अधिक तेथील वानरांमुळे. देवळाच्या आवारात, घरांच्या पत्र्यांवर, रस्त्याच्या कडेला ही मंडळी निर्धास्त वावरतात आणि गावकरीही त्यांना घरच्यासारखेच वागवितात. वसईच्या हिरव्या वाड्यांत वाढलेल्या आमच्यासारख्याला तो काळ्या मातीचा, ज्वारीचा आणि अलीकडे उसाचा मुलूख नवा होता. सीना-कोळेगाव धरणाचे पाणी आल्यापासून या तालुक्यात ऊस वाढला. ऊस आला की पाठोपाठ तोडणी मजूर येतात, आणि मजुरांबरोबर त्यांची मुले.

आमचे स्नेही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवितात. संध्याकाळी ते ऊसतोड्यांच्या कोप्यांपाशी तासभर मुले गोळा करून बसतात. त्यांचे म्हणणे असे की, दिवाळीनंतर गाव सोडलेले मूल चैत्राच्या सुमारास परत जाते, आणि पाचवीच्या गणितातली कठीण चढण नेमकी याच महिन्यांत असते. साखरशाळा, हंगामी वसतिगृहे असे उपाय झाले, कोठे कोठे ते चांगले चाललेही. परंतु धाकट्या भावंडाला सांभाळायला मोठी मुलगी हवीच असते, म्हणून ती आईबापांबरोबर येतेच.

अशीच एक मुलगी, वय अकराच्या आसपास, मांडीवर भाऊ आणि हातात वही घेऊन आमच्यासमोर बसली. वही शाळेची नव्हती, हिशेबाची होती. वडिलांना लिहिता येत नाही. बैलगाडीतून कारखान्यावर किती ऊस गेला ते दररोज रात्री ते तोंडी सांगतात आणि मुलगी लिहून ठेवते. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामाअखेरीस फिटली की नाही, हे टनांवर ठरायचे. तोडणीचा दर 2024 च्या जानेवारीत चौतीस टक्क्यांनी वाढून टनाला 366 रुपये झाला होता. तेव्हा त्या वहीतील प्रत्येक आकड्याला मोल होते.

तीन दिवसांच्या नोंदी आम्ही पाहिल्या: 1870, 245, 1960. खाली बेरीज होती 4075. बेरीज अगदी बिनचूक होती, हातचे जागच्या जागी होते आणि अक्षर सुरेख होते. परंतु तो मधला 245 आम्हांला खटकला. बैलगाडीत अडीचशे किलो ऊस कोण नेईल?

"हे किती गं, बाळ?"

"दोन टन पंचेचाळीस किलो, गुर्जी. आबानं सांगितलं तसंच लिवलंय."

तिने खरोखरच ऐकले तसेच लिहिले होते. दोन, मग पंचेचाळीस. खरा आकडा 2045. एका शून्यामुळे अठराशे किलो ऊस वहीतून नाहीसा झाला होता. नुसता तोडणीचा दर धरला तरी साडेसहाशे रुपयांहून अधिक रक्कम! नवराबायको दोघांनी थंडीत भल्या पहाटे कोयता चालवून मिळविलेली.

येथे आम्हांला थोडे मागे जावेसे वाटते. आम्ही चौथीत असताना 500 वजा 137 या उदाहरणावर हातावर छड्या खाल्ल्या होत्या. शेजारच्या घरातून उसने घ्यावे, हा नियम आम्हांस तोंडपाठ होता. पण शेजारीच शून्य, कफल्लक, तर मागावे कोणाकडे? त्या वेळच्या शिक्षकांनी नियम पुन्हा म्हणून दाखविला, अधिक मोठ्या आवाजात. उत्तर मिळाले ते घरी. आई बाजारात भाजी विकत असे. तिने चूल फुंकता फुंकता विचारले, "पाचशे रुपये आहेत, सगळ्या शंभराच्याच नोटा. एकशे सदतीस द्यायचेत. काय करशील?" आम्ही म्हणालो, "एक नोट मोडीन." "मोडून काय मिळेल?" "दहाच्या दहा नोटा." "सात रुपये सुटे आहेत का?" "नाहीत. मग दहाची एक मोडीन." संपले. चार शंभराच्या, नऊ दहाच्या, दहा सुटे. त्यातून एकशे सदतीस काढले की 363 उरतात. आमची आई तिसरीपलीकडे शिकलेली नव्हती. शाळेत 'दशक सुटा करणे' असे जे म्हणत, ते आणि बाजारातले नोट मोडणे एकच, हे त्या दिवसापर्यंत आम्हांला कोणी सांगितलेच नव्हते.

गणिताचा सराव म्हणून मुलांकडून आपण काय करून घेतो, याचा विचार त्या कोपीपुढे बसून पुष्कळ केला. एका पानावर वीस बेरजा, वीस वजाबाक्या. सराव हवाच, त्याविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. जुन्या लोकांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी येत असे आणि ते बाजारात कधी फसत नसत. परंतु त्या मुलीचा सराव उत्तमच होता. उणीव होती ती आकड्याच्या घरांची. 'असर'ची पाहणी करणारे कार्यकर्ते 2005 पासून घरोघर जाऊन मुलांना हातच्याची वजाबाकी व साधा भागाकार घालतात. 2022 मध्ये देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम चौथ्या हिश्श्याला तो भागाकार आला. 2024 मध्ये हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास गेले. भागाकार न येणाऱ्या कित्येकांची मूळ अडचण भागाकाराची नसून स्थानिक किंमतीची असावी, असा आमचा तर्क आहे.

आपली भाषाही येथे थोडी आडवी येते. आपण पंचवीस म्हणतो तेव्हा पाच आधी उच्चारतो आणि वीस मागून. लिहिताना मात्र दोन आधी. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणे. त्यात नऊ कोठे ऐकूच येत नाही. एकोणनव्वदपर्यंत ही रीत पाळायची आणि मग अचानक नव्व्याण्णव! 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस तीन', 'तीस दोन' अशी वाचनपद्धती प्रचलित नावांच्या जोडीला दिली गेली, तेव्हा किती गदारोळ झाला ते वाचकांना आठवत असेल. विधानसभेतही कोट्या झाल्या. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की, जोडाक्षरांना बिचकणाऱ्या मुलासाठी ही एक पायरी आहे, आणि दक्षिणेकडील भाषांत आकडे याच क्रमाने बोलले जातात. 2023 मध्ये त्या निवर्तल्या. आम्ही त्या वेळी विरोधकांच्या बाजूला होतो. 'त्रेसष्ट' हा शब्द मरू नये असे वाटत होते. तो मरू नये असे आजही वाटते. पण त्या बाईंचे ऐकून न घेता आम्ही हसलो, याचे आता वाईट वाटते.

अर्थात नावे कितीही सोपी केली तरी सोनारीच्या त्या मुलीची अडचण सुटली नसती. 'दोन हजार चाळीस पाच' म्हटले तरी शून्य कोठे ऐकू येते? बोलताना रिकाम्या घराचे नाव कोणी घेत नाही. ते घर फक्त कागदावरच दाखवावे लागते.

सेमिनरीत लॅटिन शिकताना चर्चच्या कोनशिलांवरचे रोमन आकडे वाचण्याची आम्हांला हौस होती. एम, डी, सी, एल. त्यांत घरेच नाहीत, म्हणून रिकामे घरही नाही. पण त्या आकड्यांनी गुणाकार करून पाहा म्हणजे कळेल! आपल्या भारतीय अंकांचे कौतुक इ.स. 662 मध्ये सेव्हेरस सेबोख्त या सीरियातील बिशपांनी लिहून ठेवले आहे, तेही नऊच चिन्हांचे. पुढे गेर्बर्ट नावाच्या फ्रेंच धर्मगुरूंनी नऊ अंक कोरलेल्या सोंगट्या रकान्यांच्या पाटावर मांडून हिशेब करण्याची रीत युरोपात शिकविली. हेच गेर्बर्ट 999 मध्ये दुसरे सिल्वेस्टर या नावाने पोप झाले. त्यांच्या विद्वत्तेचा लोकांना इतका धसका की, त्यांनी सैतानाशी करार केल्याच्या कंड्या पुढे पिकल्या. त्यांच्या पाटावर शून्याची सोंगटी लागत नसे, कारण रकाना रिकामा ठेवला की काम भागे. पाट काढून घेतला की मात्र शून्यावाचून गती नाही. ती मुलगी पाटावाचून हिशेब करीत होती.

"दोन टन म्हणजे किलो किती?" आम्ही विचारले.

"दोन हजार."

"मग दोन हजार पंचेचाळीस लिही पाहू."

तिने लिहिले: 200045. आमचे स्नेही हसले, म्हणाले, "फादर, हे निम्मा वर्ग लिहितो." पुन्हा ऐकले तसेच. आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूच्या पट्ट्या कापल्या. लांब पट्टीवर 2000, त्याहून आखूड पट्टीवर 40, सर्वांत लहानीवर 5. उजवी कडा जुळवून एकीवर एक ठेवायला सांगितले. चाळीसने दोन शून्ये झाकली, पाचाने चाळीसचे शून्य झाकले. एक शून्य मात्र कोणाच्याच खाली गेले नाही. तिने त्यावर बोट ठेवले. "हितं कुणीच आलं नाही," ती म्हणाली. एवढ्यात पत्र्यावरून उतरलेल्या एका वानराने शंभराच्या पट्ट्यांचा गठ्ठा पळविला. मुले खिदळत त्याच्यामागे धावली आणि आमची शाळा पंधरा मिनिटे बंद पडली.

ती जागची हलली नव्हती. भावाला दुसऱ्या मांडीवर घेऊन तिने 245 वर काट मारली, 2045 लिहिले, आणि बेरीज नव्याने केली: 5875. मग वहीची मागची पाने चाळू लागली. एका पानावर थबकली. तेथे 26 असे लिहिलेले होते. ती बराच वेळ त्याकडे बघत राहिली. मग कोपीत शिरून वडिलांना म्हणाली, "आबा, पावत्या काढा. समद्या. दिवाळीपासनंच्या."

आबांनी पांघरुणाच्या वळकटीतून प्लॅस्टिकची एक पिशवी बाहेर काढली.