वावडिंगाचं पाणी

माझं चुकलं, आणि ते माझ्यापुरतं राहिलं नाही. म्हणून लिहायला बसले.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात भोपाळमधल्या बिट्टन मार्केटच्या हाटात, दसरा मैदानाच्या बाजूला, कांदे-बटाटेवाल्यांच्या रिकाम्या बारदानांवर एक तांबडी कुत्री व्याली. पाच पिल्लं. मी रोज सकाळी तिच्यासाठी पोळ्या घेऊन जायची. पिल्लं तीन आठवड्यांची झाली तेव्हा त्यांची पोटं नगाऱ्यासारखी तट्ट फुगली होती आणि पाठीवरून हात फिरवला की मणके मोजता येत होते. जंत झालेत, एवढं मला कळलं. उपायही ठाऊक होता.

वावडिंग.

बाळाचं पाणी उकळताना त्यात वावडिंगाचे चार दाणे टाकायचे, हे आमच्या घरात कुणी कुणाला शिकवलं नाही. १९५६ साली भोपाळ राजधानी झाली आणि नागपूरची कितीतरी मराठी कुटुंबं सरकारी नोकरीपाठोपाठ इकडे आली, त्यांत माझे सासरे होते. सासूबाईंनी सोबत आणलेल्या सामानात सहाण होती, बाळगुटीची पुडी होती आणि वावडिंगही होतं. त्यांनी माझी दोन मुलं त्या पाण्यावर वाढवली, असं मी कौतुकाने सांगत आले. मग कुत्र्याच्या पिल्लाला ते का चालणार नाही?

पाच दिवस मी ड्रॉपरने कोमट पाणी पाजलं. सहाव्या दिवशी सकाळी एक पिल्लू बारदानावर ताठ झालेलं सापडलं. दुसरं माझ्यासमोर ओकलं. त्या ओकारीत दुधाच्या गुठळ्या होत्या आणि त्यांत वेटोळं घालून पडलेले, शिजलेल्या शेवयांसारखे पांढरे जंत. हलत होते. तेही पिल्लू दुपारी गेलं.

उरलेली तीन टोपलीत घालून मी डॉक्टरांकडे नेली. डॉक्टर तरुण मुलगी होती. मी काय पाजलं ते सांगितलं, तेव्हा ती रागावली नाही. तिने विचारलं, “वजन किती आहे यांचं?” मला सांगता येईना. पाच दिवस औषध देत होते, पण पिल्लू किती ग्रामचं आहे हे मला माहीत नव्हतं, आणि त्या पाण्यात औषध किती उतरलंय हेही नव्हतं.

पुढचं तिने शांतपणे समजावलं आणि ते मी अजून विसरलेले नाही. हे गोलकृमी पिल्लांना बाहेरून लागलेले नव्हते. कुत्रीच्या अंगात, मांसात, त्यांच्या अळ्या वर्षानुवर्षं निपचित पडून असतात. ती गाभण राहिली की शेवटच्या दिवसांत जाग्या होतात आणि नाळेतून पिल्लात उतरतात. थोड्या दुधातूनही जातात. म्हणजे पिल्लू जन्मतं तेच जंत घेऊन. तीन आठवड्यांत ते आतड्यात पूर्ण वाढून अंडी घालू लागतात. म्हणून पहिला डोस १४व्या दिवशी, मग दर दोन आठवड्यांनी, आई दूध तोडेपर्यंत आणि त्यानंतरही. मी सुरुवात केली तेव्हा उशीर झालेला होता. त्या वेळी नुसतं पाणी पाजण्यात गेलेले पाच दिवस त्या दोघांना परवडणारे नव्हते.

वावडिंग खोटं आहे, असं मात्र ती म्हणाली नाही, आणि इथेच माझं मन खरं हललं. वावडिंगात एम्बेलिन नावाचं नारिंगी द्रव्य असतं. जंतांवर त्याचा परिणाम होतो, त्याचा अभ्यास झालेला आहे. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही! मी दाणे उकळत होते, पाणी तपकिरी होत होतं, त्या रंगाकडे बघून मला समाधान वाटत होतं, आणि कामाचं द्रव्य गाळणीवरच्या चोथ्यात राहून फेकलं जात होतं. शिवाय जुन्या औषधग्रंथांत वावडिंगाची ख्याती आहे ती मुख्यतः पट्टकृमीसाठी. पिल्लांच्या पोटात होते गोलकृमी.

त्यानंतर मी वाचत सुटले. किरमाणी ओव्यातलं सॅन्टोनिन एके काळी माणसांच्या जंतांवरचं नावाजलेलं औषध होतं. मात्रा थोडी चढली की रोग्याला सगळं पिवळं दिसायचं. सुपारीतलं अरेकोलिन कुत्र्यांच्या पट्टकृमीवर अनेक वर्षं वापरात होतं. त्यानेही कुत्री ओकत, कळवळत, म्हणून कमी त्रासाची औषधं आल्यावर ते मागे पडलं. आणि ज्याला मी ‘केमिकल’ म्हणून नाक मुरडायची ते आयव्हरमेक्टिन? जपानमधल्या कावानाच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून ते आलं. त्या मातीचा नमुना गोळा करणाऱ्या सातोशी ओमुरांना आणि अमेरिकेत त्यावर काम करणाऱ्या विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. तेच औषध काही कॉली जातीच्या कुत्र्यांच्या मेंदूपर्यंत पोचतं आणि जीव घेऊ शकतं. झाडातलं, मातीतलं, कारखान्यातलं अशी जी वाटणी मी आयुष्यभर करत आले, ती जंतालाही कळत नाही आणि पिल्लालाही नाही.

आता एका चिठ्ठीबद्दल. सकाळी फिरायला येणाऱ्या बायकांना मी एक चिठ्ठी लिहून दिली होती. वावडिंगाचं पाणी, पपईच्या बिया वाटून, लसणाची एक पाकळी. खाली ओळ होती: ‘घरचंच आहे, अपाय नाही.’ लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. ज्या पिल्लाच्या आतड्याला अंकुशकृमी चिकटून आधीच रक्त पितायत, ज्याच्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्यात, त्याला मी लसूण द्यायला सांगत होते. सतरा घरी मी स्वतः गेले आणि ती चिठ्ठी परत मागितली. काहींकडे ती उरलेलीच नव्हती. एकीने विचारलं, “मग माझ्या नातवाचं वावडिंगाचं पाणी?” बाळाच्या डॉक्टरांना विचार, एवढंच मी म्हणाले. दोन वर्षांपूर्वी मी तिथेच अर्धा तास बोलले असते.

डॉक्टरांकडे नेलेल्या त्या तीन पिल्लांचं वजन शेवटी हाटातच झालं. औषधाच्या बाटलीवर मात्रा किलोला इतकी अशी होती आणि माझ्याकडे काटा नव्हता. टोमॅटोवाल्याने स्वतःच ताटली रिकामी केली. “अम्मा, अखबार बिछा लो,” म्हणाला. पिल्लू थरथरत होतं, आकडे धावत होते. त्याने एक बोट हलकेच पिल्लाच्या पाठीवर ठेवलं, पिल्लू शांत झालं, मग बोट उचललं. ९४० ग्राम. दुसरं ८७०. तिसरं किलोच्या थोडं वर. मी चिठ्ठीच्याच मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे लिहिले. डॉक्टरांनी तेवढ्यावरून सिरिंजमध्ये पायरँटेल भरून दिलं, मिलिलिटरच्या रेघेवर डोळा लावून.

दुसऱ्या दिवशी बारदानाभोवती जंतच जंत पडले होते. मी हातमोजे घालून सगळं गोळा केलं, कारण त्यांची अंडी मातीत काही आठवड्यांत पक्व होतात आणि मग वर्षानुवर्षं टिकतात, आणि त्याच मातीवर भाजीवाल्यांची लहान पोरं खेळतात. फरशीवर उकळतं पाणी ओतलं. तिन्ही पिल्लं जगली. एक साडेदहा नंबर स्टॉपजवळच्या एका घरात आहे, दोन हाटातच राहतात.

तांबडी पुन्हा गाभण आहे. व्याल्यावर तिच्या नसबंदीचं बघायचंय, तेही माझ्याकडून राहून गेलं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर ती व्याल्याच्या तारखेची जागा मोकळी ठेवली आहे, आणि शेजारी पेन्सिलीने लिहिलंय: १४, २८, ४२, ५६. टोमॅटोवाल्याला सांगून ठेवलंय. तो म्हणतो, काटा सकाळी सातला लागतो, गिऱ्हाईक यायच्या आधी या.