घडी मोडणे

कापसाच्या मुलखात राहणाऱ्या माणसाने रेशमाची चिंता वाहावी, हा विनोदच म्हणावयाचा. आमच्या यवतमाळच्या पठारावर सुती वस्त्र निर्धास्त नांदते; परंतु गोदाकाठच्या पैठणहून आलेली पैठणी येथे जन्मभर पाहुणीच राहते. वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, हवा भट्टीसारखी कोरडी होते आणि रेशमाचा तंतू ठिसूळ बनतो. श्रावणात तीच हवा ओलीचिंब! सापेक्ष आर्द्रता शेकडा ६५ च्या वर फार दिवस राहिली की बुरशी धरते. आणि जरीतील चांदी हवेतल्या गंधकाशी संयोग पावून काळवंडते.

संग्रहालयांतून अशा वस्त्रांसाठी आर्द्रता शेकडा ५० च्या आसपास स्थिर राखतात. वस्त्राला खरा जाच चढउतारांचाच. घरोघरी तशी यंत्रे कोठून असणार? उलट वऱ्हाडातला कूलर उन्हाळ्यातच घरात पावसाळा आणतो! तेव्हा कपाट कूलरच्या खोलीत नसावे, ओल धरणाऱ्या भिंतीपासून वीतभर दूर असावे, वस्त्र धुतलेल्या मलमलीत गुंडाळावे आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत.

पण सर्वांत मोठे पथ्य घडी बदलण्याचे. एकाच दुमडीवर वर्षानुवर्षे ताण पडला की रेशीम तेथेच उलते. माझ्या आत्याला हे कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक होते. अल्पवयात विधवा होऊन ती माहेरी आली आणि तत्कालीन रूढीने जरीकाठ तिला वर्ज्य झाला. तरी दर आश्विनात, पावसाची ओल सरली की, ती सागवानी पेटी उघडी, आपली लग्नातली पैठणी सावलीत पसरी, आणि जुनी दुमड चुकवून नवी घडी घाली. उन्हाने रंग विटू नये म्हणून स्वतः पहाऱ्यास बसे.

नवे वस्त्र प्रथम नेसण्याला आपण ‘घडी मोडणे’ म्हणतो. आत्याने त्या पैठणीची घडी तशी एकदाच मोडली. पुढे आयुष्यभर ती मोडीत राहिली, ती केवळ पुन्हा घालण्यासाठी.

माझ्या मुलीने ती आपल्या लग्नात नेसली, तेव्हा पदरावर कोठेही चीर नव्हती. आता आश्विनातली घडी तीच बदलते, आणि सणावारी पैठणी नेसतेही. जुने वस्त्र वारंवार नेसू नये, असे शास्त्र सांगते. ते खरेच असेल. परंतु आत्याने याला हरकत घेतली नसती, एवढे मला निश्चित ठाऊक आहे.