मशेरीवर फोटो छापायचा कुठे?

सिगारेटच्या पाकिटावरचा तो भयंकर फोटो तुम्ही पाहिला असेलच. ओढत नसाल, तरी टपरीवर चहा घेताना नजर गेली असेल. भारतात असे फोटो २००९ पासून छापले जातात. १ एप्रिल २०१६ पासून तर पाकिटाच्या दोन्ही मुख्य बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्यासाठी द्यावा लागतो. एवढा मोठा इशारा जगात फार थोड्या देशांत असतो.

आमच्या घरात तंबाखू पिढ्यानपिढ्या आहे, पण हा फोटो घरात कधी आला नाही. कारण आमच्याकडे पाकीटच येत नाही.

आठवडी बाजारातून सुटी तंबाखू येते, कागदाच्या पुडीत. ती तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची. भाजताना अख्ख्या आळीला ठसका लागतो. मग चिमूटभर बोटावर घेऊन दातांवर, हिरड्यांवर फिरवायची. हीच मशेरी. काही भागांत मिसरी म्हणतात.

माझी ताई तेरा वर्षांची असताना आजीच्या डबीतून मशेरी लावायला शिकली. लग्न होऊन फलटणकडे गेली, तर सासरीही डबी होतीच. आता तिचं पहिलंच बाळंतपण आहे. तिसऱ्या महिन्यात मी तिच्यासोबत तपासणीला गेले होते. फॉर्म भरताना नर्सने विचारलं, "तंबाखू, सिगारेट, दारू?"

"नाही," ताई म्हणाली. नर्सने खूण केली आणि वजनकाट्याकडे बोट दाखवलं.

ताई खोटं बोलली नव्हती. तिच्या लेखी तंबाखू दाजी खातात, तळहातावर चुना लावून मळतात ती. ती स्वतः फक्त दात घासते. दिवसातून चार वेळा.

घरी आल्यावर मी कायदे वाचत बसले. १९९२ मध्ये केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. २००३ मध्ये तंबाखू नियंत्रणाचा मोठा कायदा आला. २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटखा बंद केला. (मग पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत मिळू लागले, ती गोष्ट वेगळी.) २०२० मध्ये राज्याने सुट्या सिगारेटी आणि बिड्यांची विक्रीही थांबवली, कारण सुटी सिगारेट घेणाऱ्याला पाकिटावरचा इशारा दिसतच नाही.

हे सगळे निर्णय मला योग्य वाटतात. पण त्यांना समोर एक कारखाना लागतो, नाहीतर दुकान, नाहीतर पाकीट. घरच्या चुलीवर, घरच्याच बाईने, घरच्यांसाठी केलेल्या दंतमंजनाचं काय करायचं? पोलिसाने तवा जप्त करावा असं मी तरी म्हणणार नाही.

आणि हे दोन-चार म्हाताऱ्यांपुरतं नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १७ टक्के प्रौढ स्त्रिया कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होत्या. धूम्रपान करणाऱ्या मात्र जेमतेम १.४ टक्के. म्हणजे आपल्याकडच्या बायकांच्या तंबाखूला सहसा धूर नसतो. सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी केली, तरी न्हाणीघराच्या दारात बसलेल्या बाईला त्याचा पत्ता लागत नाही.

मुंबईत प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी १,२१७ गर्भवती स्त्रियांचा अभ्यास केला होता. तो २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यातल्या धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या बायकांमध्ये मशेरीवाल्या सर्वांत जास्त होत्या. या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली, आणि दिवस पूर्ण होण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं.

मी हे ताईला सांगितलं. ती म्हणाली, "शंभर ग्रॅम म्हणजे चहापत्तीचा लहान पुडा ना गं?"

हो, तेवढंच. पण अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं धरतात. त्या काठावरच्या बाळाला चहाचा तो पुडा खूप होतो.

ती गप्प झाली. मग म्हणाली, "सोडलं की डोकं धरतं. पोट साफ होत नाही. आणि खरं सांगू? मशेरी लावताना मला कुणी हाक मारत नाही. नुसती बसले, तर लगेच काहीतरी काम निघतं."

यावर माझ्याकडे आकडा नव्हता. सासू, नवरा, गोठा, शेत, या सगळ्यांतून तिच्या वाट्याला येणारी दहा मिनिटं त्या डबीत होती. डबी काढून घेणं म्हणजे तीही काढून घेणं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराला भारताने २००४ मध्ये मान्यता दिली. त्यात कर आहे, जाहिरातबंदी आहे, इशारे आहेत, आणि ज्याला सोडायचं आहे त्याला मदत करणंही आहे. ताईच्या डबीपर्यंत पोचेल असं यातलं एकच, शेवटचं. आणि त्याची सुरुवात नीट विचारलेल्या प्रश्नापासून होते.

तो प्रश्न पाचव्या महिन्यात आला. गावातली आशा कार्यकर्ती घरी आली, पाणी प्यायली आणि सहज म्हणाली, "मशेरी लावतेस का गं? किती वेळा?" ताईने लगेच सांगितलं, "चार वेळा." बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. रागावल्या नाहीत. आधी कुठली एक वेळ सोडता येईल, एवढंच विचारलं. नंतर १८००-११-२३५६ या मोफत क्विटलाइनचा नंबर मी ताईला लावून दिला. पहिल्यांदा ती लाजून बोललीच नाही. दुसऱ्यांदा बोलली.

आता सातवा महिना आहे. चाराची एक झाली आहे, सकाळची. ती अजून सुटत नाही. सासूबाई स्वतःची मशेरी परसात नेऊन भाजतात. बाळाचं वजन किती भरेल, ते दोन महिन्यांनी कळेल.

"मग दुपारी काय करतेस?" मी परवा फोनवर विचारलं.

"बसते की," ती म्हणाली. "त्याच उंबऱ्यावर, तेवढाच वेळ. सासूबाईंनी हाक मारली, तर सांगते, थांबा जरा, बसलेय."