१२ सेंटिमीटरचं इंजिन आणि एक केस!

एक केस! लांब, काळाभोर, एकच केस! आणि तो सापडला कुठे, तर इंजिनाच्या चाकामागे, ॲक्सलला इतका घट्ट गुंडाळलेला की भिंगातून बघूनसुद्धा आधी मला ती रंगाची रेघच वाटली!

हे तुम्हाला आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर मला झोप लागणार नाही. आधीच सांगून ठेवते, मला यातलं ओ की ठो कळत नाही. घरात फ्यूज उडाला की मी मेणबत्ती शोधणारी बाई. पण आज माझ्या हातून एक रेल्वे चालू झाली आहे! खरी नाही हो, चिमुकली. पण चालू झाली!

इंजिन माझ्या भाच्याचं. जपानच्या डीडी५१ या डिझेल इंजिनाचं मॉडेल. नारिंगी अंग, पांढरा पट्टा आणि ड्रायव्हरची केबिन पुढे नाही, मागे नाही, बरोब्बर मधोमध! खरं इंजिन १८ मीटर लांब, हे १२ सेंटिमीटर. म्हणजे दीडशेपट लहान! आणि तरी पायऱ्या आहेत, धरायला दांडे आहेत, खिडक्यांना काचा आहेत! पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे ना, तिथल्या गाड्या एचओ मापाच्या, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. त्या बघूनच मी लहान लहान म्हणून टाळ्या वाजवल्या होत्या. हे एन गेज. अंतर फक्त ९ मिलिमीटर!

आणि यात एक गंमत आहे, ती ऐकाच. जपानची जुनी रेल्वे १०६७ मिलिमीटरच्या गेजवर धावते. त्याला १५० ने भागा. सात येतात! पण रूळ तर नऊचा! म्हणजे हे इंजिन आपल्या मापापेक्षा रुंद रुळावर बिनदिक्कत धावतंय आणि कोणाच्या लक्षातही येत नाही! बुलेट ट्रेनची मॉडेलं मात्र १६०पट लहान करतात, आणि तिचा खरा गेज १४३५. भागा बघू! जवळजवळ बरोब्बर नऊ! मी हा भागाकार स्वयंपाकघरात वाणसामानाच्या यादीमागे केला आणि एकटीच हसत सुटले.

तर हे इंजिन बंद पडलं. आधी वळणावर अडखळायला लागलं, मग बोटाने ढकललं की जेमतेम वीतभर जायचं, आणि मग तेही नाही. भाच्याचा चेहरा पडला. ‘मावशी, मोटर जळली का गं?’ त्याचे बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, ‘जळली असणार. नवीन घेऊ.’ नवीन घेऊ! उघडून न बघता! मला रागच आला आणि मग त्या रागात मी चष्म्याचा स्क्रू ड्रायव्हर, भुवयांचा चिमटा आणि आजोबांचं भिंग घेऊन बसले.

आता मला जे कळलं ते कळून माझं डोकं फिरलंय, तुमचंही फिरवते. या इंजिनात बॅटरी नसते! वीज रुळांतून येते! डावा रूळ आणि उजवा रूळ एकमेकांपासून तोडलेले, त्यांच्यात जास्तीत जास्त १२ व्होल्ट, आणि वीज एका रुळातून चाकात चढते, चाकातून ॲक्सलच्या टोकात, टोकातून एका चिमुकल्या ब्राँझच्या पत्र्यात, पत्र्यातून चासीवरच्या लांब पट्टीत, पट्टीतून मोटरमध्ये, आणि मग तसाच सगळा प्रवास उलटा करून दुसऱ्या बाजूच्या चाकांतून दुसऱ्या रुळात उतरते! चालत्या गाडीत! फिरत्या चाकांतून! रुळांच्या दोन वायरींची अदलाबदल केली की इंजिन उलटं धावतं आणि पुढचा दिवा विझून मागचा लागतो! मी हे किती वेळा करून बघितलं ते विचारू नका.

म्हणजे प्रश्न एवढाच, की या वाटेत वीज अडते कुठे? एवढंच! मोटरला दोष देण्याआधी वाटच तपासायची!

मग काय, शेजारच्या काकांचा मल्टिमीटर आणला. रुळावर टेकवला, वीज आहे! जोडावर, कोपऱ्यात, लांबच्या टोकाला, सगळीकडे आहे! आणि मग इंजिन रुळावरून उचललं, वरचं कवच अलगद काढलं, ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीला दोन वायरी लावल्या आणि त्यांची टोकं त्या दोन पट्ट्यांना जरा टेकवली, आणि घूंऽऽऽ! मोटर फिरली! जिवंत! मी इतक्या जोरात ओरडले की वरच्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, काय झालं गं? मी म्हटलं, मोटर जळली नाहीये! त्या म्हणाल्या, पाण्याची का?

रुळात वीज आहे, मोटर धडधाकट आहे. मग चोर मधेच कुठेतरी! बोगी काढल्या, म्हणजे इंजिनाखालचे चाकांचे सांगाडे. चाकं काळीकुट्ट! चाक आणि रूळ यांच्यात बारीक ठिणग्या उडतात, त्यात धूळ आणि जास्तीचं तेल मिसळतं आणि त्याची काळी राप चढते, ती वीज अडवते. आणि मग तो केस! ॲक्सलचं टोक सुईसारखं असतं, ते ब्राँझच्या पत्र्यातल्या इवल्याशा खळगीत बसतं, आणि वीज जाते ती त्या टोकातून! त्या खळगीत सतरंजीचे तंतू ठासून बसलेले, चाकामागे केस आवळलेला. वीज जाणार कुठून, सांगा!

केस टूथपिकने सैल केला आणि चिमट्याने ओढून काढला. आणि मग पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात धावले, आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यायला. मोबाइल दुरुस्त करणारी मंडळी ‘आयपीए’ म्हणतात तेच. दुकानदार म्हणाला, ‘बोर्ड धुवायचाय का मॅडम?’ म्हटलं, ‘नाही, रेल्वे इंजिन.’ त्याने माझ्याकडे पाहिलं आणि गुपचूप बाटली दिली!

आता लक्ष द्या, कारण तुम्हीही हे करणार आहात. खिडकी उघडी, गॅस बंद, कारण हे द्रव भसकन पेट घेतं. चष्म्याच्या फडक्याचं टोक भिजवून रूळ पुसा. मग टिशू पेपरची पट्टी भिजवून रुळांवर आडवी टाका, इंजिनाची एक बोगी तिच्यावर, दुसरी कोरड्या रुळावर, आणि वीज द्यायच्या आधी ओलावा उडू द्या, टिशू जेमतेम दमट राहू द्या. मग इंजिन हाताने धरून चाकं फिरू द्या. टिशूवर काळ्या रेघा उमटतात! इतका मळ! एवढ्याशा चाकांचा! सॅंडपेपर अजिबात नको, त्याचे ओरखडे पडतात आणि ओरखड्यांत मळ आणखी लवकर बसतो. मोटर उघडायची वेळ आली तर ती पारदर्शक पिशवीत हात घालून उघडा म्हणे, कारण कार्बन ब्रशची स्प्रिंग उडाली की गेली! माझ्यावर ती वेळ आली नाही आणि खरं सांगू, मी जरा खट्टू झाले.

तेल? सुईच्या टोकावर मावेल एवढंच, प्लास्टिकला चालणारं आणि फक्त गिअरला. जास्त घातलं की तेच पुन्हा चाकांवर येतं.

सगळं जोडलं. रुळावर ठेवलं. भाच्याने नॉब इतका हळू फिरवला की मला त्याच्या हातावर चापट मारावीशी वाटली, आणि मग दिवा लागला, आणि मग ते निघालं! वळणावर न अडखळता! भाचा नाचला, मी नाचले, त्याच्या बाबांनी पेपर खाली ठेवला!

माझं ठाम मत, वाद घालायला या: अशी बंद पडलेली गाडी जळलेली कमी आणि मळलेली जास्त असते. तुमच्या माळ्यावर, कपाटाच्या वर, कोणा दादाच्या जुन्या खोक्यात अशी एखादी असेलच. काढा ना! आधी रूळ, मग चाकं, मग ॲक्सलची टोकं, आणि मोटर सगळ्यात शेवटी. आणि चालू झाली की रूळ सतरंजीवर मांडू नका, टेबलावर मांडा.